काटा का उतरतोय?

[अंबडमधली गल्ली. अर्धं वर असलेलं शटर. आत फरशीवर पाईप, पाने, सायकलचा पंप.]

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला ही पत्र्याची शेड आहे. मालक प्लंबिंगची कामं घेतात. रविवारी काम बंद, पण शटर अर्धं वर असतं, कारण आत सिडकोतली नववीची पोरं बसलेली असतात. मालकांना ती काका म्हणतात.

त्यांच्या मधोमध जे ठेवलंय, त्याला ती लाँचर म्हणतात. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपची टाकी, तिच्यावर प्रेशर गेज, ठिबकवाल्याच्या दुकानातून आणलेला, विजेच्या बटणावर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि आकाशाकडे तोंड करून उभी नळी. नळीवर कागदाचं रॉकेट चढवायचं, पंपाने टाकीत हवा भरायची, लांब उभं राहून बटण दाबायचं. व्हॉल्व्ह उघडला की सगळी हवा एकदम नळीत शिरते आणि रॉकेट सुटतं.

म्हणजे सुटायला हवं. पण हवा टाकीत थांबली तर ना.

[गेजचा क्लोजअप.]

काटा 40 पीएसआयवर आहे. पीएसआय हे दाबाचं माप. पंप थांबला आणि काटा निघाला खाली. 39. 38. पोरांचं लगेच एकमत झालं की लीक आहे, एम-सील आणा.

"थांबा रे," काका म्हणाले. "आधी पंपाला हात लावून बघा."

"गरम लागतोय, काका."

"मग आतली हवा कशी असेल?"

हवा दाबली की तापते. टाकीत गेल्यावर ती निवते, आणि निवताना दाबही उतरतो. 40 अंशांची हवा 20 अंशांवर आली, तर गेजवरचे 40 पीएसआय साधारण साडेछत्तीसवर येतात. यात हवेचा एक कणही बाहेर गेलेला नसतो. तापमान आणि दाबाचं हे नातं पुस्तकात आहे, त्यावर प्रश्नही येतो, पोरांनी तो सोडवलेलाही आहे. पंपाला हात लावायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

[पत्र्यावर खडूने लिहिलेले आकडे.]

म्हणून ठरलं, दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. काटा उतरून एका जागी थांबला तर हवा निवली. उतरतच राहिला तर गळती. पत्र्यावर बघा : 40, 37, 35, 33. थांबायचं नाव नाही.

आता साबणाचं पाणी. भांडी घासायचा साबण, थोडं पाणी आणि दाढीचा जुना ब्रश. प्रत्येक जोडावर फेस लावायचा आणि बघत बसायचं. ज्या मुलीच्या हातात ब्रश आहे, ती घाई करत नाही. टाकीच्या दोन्ही टोकांना फुगा आला नाही. पंपाची नळी जिथे लागते त्या टायरच्या व्हॉल्व्हवर एक फुगा आला. आतली पिन अर्धा आटा घट्ट केल्यावर तो थांबला. आणि मग गेजच्या बुडाशी हे असं, बारीक पांढरं, एकावर एक फुगणारं.

[फेसाचा क्लोजअप. हा शॉट पूर्ण राहू द्यावा.]

गेज आवळला होता, चांगला घट्ट. पण आवळून झाल्यावर त्याचं तोंड भिंतीकडे आलं, म्हणून कुणीतरी तो थोडा उलटा फिरवून समोर आणला. घोटाळा तिथे झाला. जीआय पाईपचे आटे निमुळते असतात. आत जाताना ते पाचरीसारखे घट्ट बसत जातात, आणि एकदा बसलेला जोड मागे फिरवला की सील तुटतं. तोंड समोर आणायचं तर पुढेच फिरवायचं. पुढे फिरत नसेल तर काढायचं, साफ करायचं, पुन्हा आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी टेप मारून बसवायचं.

काकांची पिढी आट्यांवर सफेद्याचा लेप आणि धागा लावून जोड बसवणारी. लहान जोडाला टेप चालेल म्हणतात, पण टेप मारायची रीत सोडत नाहीत. आट्याचं टोक आपल्याकडे धरलं तर टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे आवळताना ती सुटत नाही, उलट बसते. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा.

"तो का सोडायचा?"

"व्हॉल्व्ह खोला, कळेल."

[व्हॉल्व्हचे स्क्रू काढताना. मग टेपचा पांढरा तुकडा.]

गेज नीट बसला तरी काटा उतरतच होता, फक्त हळू. फेस लावायला आता जोड उरला नव्हता. मग एकाने रॉकेटच्या नळीच्या तोंडावर फेस ओढला, आणि तिथेच फुगा धरला. म्हणजे हवा कुठल्या जोडातून जात नव्हती, बंद व्हॉल्व्हच्या आतून सरकत होती.

शेतात हाच व्हॉल्व्ह पाणी अडवतो. आत रबराचा पडदा असतो. पडद्याच्या वरही दाब, खालीही दाब. पण वरचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून पडदा बसून राहतो. बटण दाबलं की वरचा दाब निघून जातो आणि पडदा उचलला जातो. अंगावरच्या बाणाच्या दिशेनेच तो बसवावा लागतो, उलटा लावला तर धरत नाही. पोरांनी बाण बरोबर पाळला होता. टाकीतली हवा सोडून दिली, स्क्रू काढले, पडदा उचलला, तर त्याच्या बैठकीवर टेपचा हा तुकडा. पहिल्या आट्यावर मारलेली टेप आवळताना कापली गेली आणि हवेबरोबर इथे येऊन बसली. उत्तर काकांना द्यावंच लागलं नाही.

आपल्या जिल्ह्यात ओझरला एचएएलचा विमान कारखाना 1964 पासून आहे, सातपूर-अंबडला यंत्रांची रांग आहे, आणि कार्यानुभवाच्या तासाला अजून कितीतरी ठिकाणी कागदाची फुलंच होतात. असो.

पोरांची पहिली टाकी पीव्हीसीची होती. काकांनी ती पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. त्या पाईपवर छापलेला दाब पाण्यासाठीचा असतो, आणि कोंडलेल्या हवेने तो फुटला तर तुकडे उडून अंगात शिरतात. लोखंडी टाकीचीही दाबाची पहिली चाचणी काठोकाठ पाणी भरूनच झाली.

[कागदाची गुंडाळी, चिकटपट्टी, टोपी.]

शेवटची गळती रॉकेटमध्ये होती. टोकाची टोपी वरून चिकटपट्टीने धरलेली, आतून मोकळी. हवेने टोपी वर गेली आणि बाकीचं रॉकेट नळीवरच राहिलं. आता टोपीच्या आत गोंदाची कड फिरवतात, आणि चढवण्याआधी रॉकेट तोंडाला लावून फुंकून बघतात. गालाला वारा लागला तर परत टेबलावर.

[पत्र्यावरचे नवे आकडे : 40, 37, 37, 37.]

तपोवनातलं मोकळं मैदान, सकाळची वेळ. बटणाची वायर लांब घेतली आहे आणि हवा भरल्यावर नळीवर कुणी वाकत नाही. पुढची दोन मिनिटं उड्डाणांची आहेत, त्यात निवेदन नाही.