शेजारचा शॉट

(दृश्य: सकाळ. लेणीच्या पायऱ्या, चढणारे पाय, मागं खाली शहर.)

सूर्य नुकताच वर आलाय आणि बीबी का मकबऱ्याच्या मागं जो डोंगर दिसतो ना, त्याच्या पायऱ्या ही पोरं चढायलीत. कॅमेरा हातातच धरलाय, ट्रायपॉडला वर वेगळी परवानगी लागते म्हणून तो खाली गाडीत राहिला, त्यामुळं चित्र थोडं हलतंय, हलू द्या. सगळ्यात मागं सर आहेत, गुडघा दुखतो तरी दर वर्षी येतातच. सहल वगैरे काही नाही ही, तास आहे हा. तत्त्वज्ञानाचा, आणि सिनेमाचा पण. एकच तास, दोन्हीचा.

(दृश्य: तिसरी लेणी. अंधार. हळूहळू चेहरे दिसायला लागतात.)

डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. आम्ही तो वेळ कापला नाही, तुम्ही पण थांबा.

आता दिसले? गाभाऱ्यात समोर बुद्ध, आणि दोन्ही बाजूला गुडघे टेकून बसलेली माणसं, बाया आणि गडी, जवळपास खऱ्या माणसाएवढी. हात जोडलेले, केसांची ठेवण निरनिराळी, अंगावर दागिने. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बुद्ध तर कोरलेच, पण त्यांच्याकडं बघत बसलेले लोक पण तेवढ्याच जीव लावून कोरले.

सर विचारतात, "हे काय करायलेत?"

"बघायलेत."

"आणि तू?"

"मी त्यांना बघायले, सर."

आणि कॅमेरा तिला बघायलाय. आणि आता तुम्ही.

मग बाहेर ओसरीत बसून प्लेटो निघतो. प्लेटोनं चोवीसशे वर्षांपूर्वी एक गुहा सांगितली, त्यात माणसं लहानपणापासून बांधून ठेवलेली, मान वळवता येत नाही, मागं जाळ पेटलेला, आणि समोरच्या भिंतीवर ज्या सावल्या पडतात तीच दुनिया असं त्यांना वाटतं. अंधार, मागून येणारा उजेड, समोर भिंत, थेटरच की, म्हणून सिनेमाचा विचार करणाऱ्याला ही गुहा हमखास आठवते. पण ती शिकायला खऱ्या गुहेत बसायला किती पोरांना मिळतं? आणि इथं बसलं की प्लेटोलाच उलटं विचारता येतं. त्याच्या गुहेतले बांधलेले होते. या लेणीतले स्वतःच्या पायानं डोंगर चढून आलेत आणि आपण होऊन गुडघे टेकलेत. मग तिकीट काढून थेटरात बसलेला माणूस यातला कुठला? परतूरचा एक पोरगा म्हणला बांधलेलाच, एसटी स्टँडवर रील बघत बसलेला बघा, बस सुटली तरी मान वर होत नाही. त्याच्यावर बीडची पोरगी म्हणली, मग माझी आजी कीर्तनात रात्रभर बसते ती पण बांधलेली का? हा वाद पायऱ्या उतरताना चालला, गाडीत चालला, सगळा शूट केलाय पण वाऱ्याचा आवाज फार आला म्हणून इथं एवढाच.

(दृश्य: डोंगरावरून खाली. झाडी, इमारती.)

ती झाडी दिसते ते विद्यापीठ, १९५८ चं. त्याच्या आधी आपल्या मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. आणि विद्यापीठाच्याही आधी, १९५० ला, बाबासाहेबांनी या शहरात कॉलेज काढलं, पुढं त्याचं नाव मिलिंद झालं आणि परिसराचं नागसेनवन. रोज इतकी पोरं त्या गेटातून जातात, नावाजवळ थांबतं कोण. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. म्हणजे एक प्रश्न विचारणारा आणि एक उत्तर देणारा, दोघं शेजारी शेजारी, या शहराच्या पत्त्यातच बसलेत.

(दृश्य: क्लोजअप. बोटांत धरलेली फिल्मची पट्टी, मागं खिडकी.)

ही पट्टी बघा. पस्तीस एमएम, बरोबर एक फूट. एका बंद पडलेल्या थेटरचे ऑपरेटर काका, त्यांनी डब्यात जपून ठेवली होती, वर्गासाठी दिली. कडेला चौकोनी भोकं, एका फ्रेमला एका बाजूनं चार. एका फुटात १६ फ्रेम. पडद्यावर सेकंदाला २४ जातात म्हणजे हा एवढा तुकडा पाऊण सेकंदाचा सुद्धा नाही, आणि तेवढ्यात एक बाई मान वळवते. चेहऱ्यावर ओरखडे पडलेत, रंग उडून सगळं लालसर झालंय, तरी डोळ्यातलं काजळ दिसतं.

सर पट्टी फिरवायला देतात आणि नागसेनाची गोष्ट काढतात. नागसेनानं राजाला विचारलं, पायी आलात का रथातून? रथातून. मग यातला रथ कुठला ते दाखवा. आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू? नाही. बरं हे सगळं सोडून वेगळं काही आहे का ज्याला रथ म्हणावं? ते पण नाही. मग आलात कशातून?

आता पट्टीकडं. पहिल्या फ्रेममधी मान वळते का? नाही, सरळ आहे. सातव्या? थोडी तिरपी, पण तिथंच थांबलेली. सोळाव्या? वळून झालेली. मग वळली कधी? एक पोरगा भिंग लावून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणला, "सर, ह्या दोन फ्रेमच्या मधी जी काळी रेघ हाय ना, तिथं वळली असंल." वर्ग हसला. सर नाही हसले. कारण रिळाच्या जमान्यात प्रोजेक्टरचं शटर फिरायचं आणि पडदा जवळपास निम्मा वेळ काळाच असायचा, आणि तो अंधार कुणालाच दिसायचा नाही, आपण तो मनानं भरून काढायचो. दीड तासाच्या सिनेमात १ लाख २९ हजार ६०० फ्रेम असतात आणि एकीत पण हालचाल नसते. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसन १९०७ साली म्हणाला होता की आपली बुद्धीच सिनेमाच्या यंत्रासारखी चालते, वाहत्या गोष्टीचे स्थिर तुकडे पाडते आणि ते पळवून म्हणते ही बघा हालचाल. हे पुस्तकातून सांगितलं असतं तर अर्धा वर्ग झोपला असता, खरं सांगतो, मी स्वतः झोपलो असतो. पट्टी हातात आल्यावर कुणी झोपलं नाही.

माझ्या वेळेला हे शक्यच नव्हतं. मी ज्या कॉलेजात होतो तिथं तत्त्वज्ञान घेतलं की सिनेमाचं नाव काढायचं नाही, सिनेमा म्हणलं की वाया गेलेलं पोरगं. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य विषय आणि एक जोडीचा, असं आलं म्हणून तत्त्वज्ञान मेजर घेऊन त्याच्या जोडीला सिनेमा असं जमवता येतं, म्हणजे कागदावर येतं, जमवायला सरांसारखं कुणीतरी मागं लागावं लागतं.

(दृश्य: मोबाइलवर घेतलेला भारुडाचा तुकडा. लोक हसतायत.)

आणि गावाकडच्या पोरांना हे जड जातं असं जे म्हणतात त्यांनी हे बघावं. विंचू चावला म्हणून गडी स्टेजवर लोळायलाय, लोक पोट धरून हसायलेत, आणि मग कळतं की विंचू म्हणजे काम, क्रोध. पैठणच्या नाथांनी तत्त्वज्ञान आधी दाखवलं, मग सांगितलं. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो विवेकसिंधू वेदान्तावरचा, आणि तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आपल्या आंबाजोगाईत. जड कशानं जाईल? पुस्तकं इंग्रजीत असतात, ती एक अडचण खरी आहे. सर रात्री बसून मराठी टिपणं टाईप करतात. एक अख्खा तास तर नुसता शब्दांवर झाला, दिसणं, बघणं, पाहणं, न्याहाळणं, यात फरक काय, आणि कॅमेरा यातलं नेमकं काय करतो. बीडची पोरगी म्हणली, कॅमेऱ्याला दिसतं, बघतो तो माणूस. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, फळा अजून दिसतोय बघा मागं.

(दृश्य: टपरी. स्टोव्ह, उकळणारा चहा. काकांचा चेहरा, समोरून.)

आता हे काका. कॉलेजसमोर टपरी आहे त्यांची. पोरांनी त्यांना म्हणलं, काका काही करू नका, हसू नका, रडू नका, नुसतं समोर बघा. बारा सेकंद. गिऱ्हाईक आलं म्हणून एकदा थांबावं लागलं, दुसरा टेक हा.

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव नावाच्या माणसानं हा प्रयोग केला होता. नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि शेजारी कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. लोकांना वाटलं काय अभिनय केलाय. पोरांनी तोच इथं केला. काकांचा चेहरा आणि भाकरीचं ताट. काकांचा चेहरा आणि कोरडी विहीर. काकांचा चेहरा आणि शाळेच्या ड्रेसातली छोटी पोरगी. तीन क्लिप, होस्टेलवर दाखवल्या. पहिली बघून म्हणले भुकेजलेत. तिसरी बघून म्हणले नातीवर लई जीव दिसतो. आणि दुसरी बघून एक जण म्हणला, "डोळ्यात पाणी आलं बघ त्यांच्या, आत्ता, हे बघ."

एडिटिंगच्या टाईमलाईनवर परत बघा. तीच फाईल. तेच बारा सेकंद.

वर्गात पोरं खूश होती, प्रयोग जमला. मग मागून बीडची पोरगी बोलली, "पण सर, विहीर आपण दुसऱ्याच गावची लावली. काकांना शेतीच नाही. आपण त्यांना न विचारता दुःखी केलं." आणि तिथून तो तास जो फिरला तो दोन तास संपलाच नाही. मराठवाडा म्हणलं की टीव्हीवर काय लागतं? भेगाळलेली जमीन, मग एक सुरकुतलेला चेहरा. जमीन, चेहरा. जमीन, चेहरा. पोरं हे लहानपणापासून बघत आलीत आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांना तो कट दिसला, म्हणजे दोन शॉटच्या मधली जागा दिसली जिथं कुणीतरी कात्री चालवली होती.

(दृश्य: लातूरचा पोरगा. खिडकीजवळ. एकच शॉट, कट नाही.)

हा लातूरचा. एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा हा शाळेत होता. तो सांगतो ते त्याच्याच शब्दात.

"आमच्या गल्लीत टँकर आलता. मी घागर घेऊन उभा होतो, निम्मी भरलेली. एक फोटोवाले दादा आले, म्हणले ती खाली ठेव, ही रिकामी घे अन् हिकडं बघ. मी घेतली. दुसऱ्याची होती ती. फोटो कुठं छापून आला का नाही माहीत नाही. पण सर, टंचाई खोटी नव्हती ना. आई पहाटं तीनला उठायची. टंचाई खरी होती. घागर तेवढी माझी नव्हती."

टंचाई खरी, घागर दुसऱ्याची, मग फोटो खरा का खोटा? कुणी म्हणलं खोटा, ठरवून काढलेला. कुणी म्हणलं खरा, कारण त्याच्याकडं बघून ज्याला जे कळलं ते खरंच होतं. एक जण म्हणला, फोटो खरा असू द्या, पण ह्या पोराला विचारलं होतं का. सत्य, नीती, प्रतिमा, अभ्यासक्रमात तीन वेगळे पेपर असतात याचे. इथं एका घागरीत आले. मला बाकी कुणाला काही पटवायचं नाही, एवढंच म्हणायचंय की हा प्रश्न नुसत्या कॅमेरा शिकवणाऱ्या वर्गात निघत नाही आणि नुसत्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात पण निघत नाही. दोन्ही एका खोलीत लागतात, आणि ती खोली इथंच लागते, ज्यांचे चेहरे त्या जमिनीशेजारी लावले त्यांच्यात.

त्यानंतर या बॅचनं ठरवलं की ज्याचा चेहरा घेऊ त्याला शेजारचा शॉट दाखवल्याशिवाय फिल्म पुढं कुणाला दाखवायची नाही. दोघं पुण्याला गेले पुढच्या शिक्षणाला, एक जण तलाठी भरतीचा अभ्यास करतोय, लातूरचा पोरगा इथंच एमएला आहे, वर्ग यंदा पण चालू आहे.

(दृश्य: रात्र. टपरीमागची भिंत, तिच्यावर पांढरी चादर, चार खिळे. प्रोजेक्टरचा उजेड.)

काकांनी स्टोव्ह बंद केला. बाकडं ओढून समोर बसले. पहिल्यांदा भाकरी, मग विहीर, मग पोरगी. तिन्ही झाल्यावर बीडच्या पोरीनं जवळ जाऊन विचारलं, काका, यातली कुठली ठेवू?

(दृश्य: काकांचा चेहरा. चादरीवरचा उजेड त्यांच्यावर. एकच शॉट, शेवटपर्यंत. निवेदन इथं थांबतं, संगीत नाही.)