पिल्लू परत देणारी घरे

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मॉरिसटाउन नावाचे गाव आहे. गावाच्या मधोमध असलेल्या हिरवळीवर मॉरिस फ्रँक आणि त्यांची जर्मन शेफर्ड कुत्री बडी यांचे ब्राँझचे शिल्प आहे. नॅशव्हिलच्या फ्रँक यांची दृष्टी किशोरवयातच गेली होती. १९२७ साली वडिलांनी त्यांना एक लेख वाचून दाखवला. महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्रे तयार केले जातात, असे स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या डोरोथी युस्टिस यांनी त्यात लिहिले होते. पुढच्याच वर्षी फ्रँक स्वित्झर्लंडला जाऊन बडीसोबत चालायला शिकले आणि परतल्यावर न्यूयॉर्कमधील वाहनांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट त्यांनी वार्ताहरांच्या देखत तिच्या साथीने ओलांडला. १९२९ साली अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. आज तिचे काम मॉरिसटाउनमधून चालते.

कुत्रा अंध माणसाला हव्या त्या ठिकाणी नेऊन पोचवतो, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक रस्ता माणसालाच ठाऊक असावा लागतो. कोणत्या चौकात वळायचे हे तो ठरवतो, वाहनांच्या आवाजावरून ओलांडण्याची वेळ ओळखतो आणि कुत्र्याला तशी आज्ञा देतो. सिग्नलचा रंग पाहून कुत्रा निर्णय घेत नाही. वाटेतला खांब, खड्डा किंवा डोक्याला लागेल अशी फांदी चुकवून माणसाला सुखरूप नेणे हे त्याचे काम असते आणि हार्नेसच्या, म्हणजे त्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांच्या साजाच्या, कडक दांडीतून त्याची प्रत्येक हालचाल माणसाच्या हाताला कळते. आज्ञा मिळूनही समोरून मोटार येत असेल, तर कुत्र्याने जागचे हलायचे नसते. आज्ञापालन शिकवलेल्या प्राण्याला ती नेमकी केव्हा मोडायची हेही शिकवणे, हा या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड आणि आमच्या मते सर्वांत थक्क करणारा भाग आहे.

मात्र या प्रशिक्षणाआधी वर्षभराहून अधिक काळ हे पिल्लू कुणाच्या तरी घरात वाढलेले असते. १९४२ साली न्यू जर्सीतील फोर-एच या युवक संघटनेच्या मुलांनी अशी पिल्ले सांभाळायला सुरुवात केली आणि ती प्रथा आजही चालू आहे. सात-आठ आठवड्यांचे पिल्लू स्वयंसेवक कुटुंबाकडे येते. घरात कुठे शी-शू करायची नाही, जेवणाच्या टेबलाजवळ आशाळभूतपणे उभे राहायचे नाही, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारायच्या नाहीत, हे सारे त्याला तिथेच शिकवले जाते. त्याला दुकानांत, रेल्वे स्थानकावर, शाळेच्या गर्दीत नेले जाते, जिने चढवले-उतरवले जातात आणि मोठे आवाज ऐकवले जातात, कारण लहानपणी न भेटलेल्या गोष्टीला मोठेपणी बुजणारा कुत्रा भर चौकात माणसाला आधार देऊ शकत नाही.

पिल्लू सव्वा वर्षाच्या आसपास झाले, की ते संस्थेकडे परत द्यायचे असते. हे पहिल्या दिवसापासून माहीत असूनही, त्याला अंथरुणाशी झोपवणाऱ्या मुलांना तो दिवस जड जातो. प्रत्येक पिल्लू मार्गदर्शक होतेच असेही नाही. काहींचा स्वभाव किंवा प्रकृती या कामाला मानवत नाही आणि अशा कुत्र्याला कायमचे ठेवून घेण्याची संधी त्याला वाढवणाऱ्या घराला मिळते.

जे कुत्रे टिकतात, त्यांचे प्रशिक्षकाबरोबर साधारण चार महिने शिक्षण होते. त्याच्या अखेरीस त्या कुटुंबाला मॉरिसटाउनला बोलावले जाते. त्यांचा कुत्रा हार्नेस घालून प्रशिक्षकाला पदपथावरून नेत असतो आणि ही मंडळी बरेच अंतर राखून मागून चालत असतात. त्याला हाक मारायची नाही, जवळ जायचे नाही, आपला वास किंवा आवाज त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, असे त्यांना सांगितलेले असते. पुढच्या कोपऱ्यावर कुत्रा पदपथाच्या कडेशी थांबतो, आज्ञेची वाट पाहतो आणि मग रस्ता ओलांडतो. मागे उभे असलेले सगळे तोवर गप्प असतात.