चोप असतो, चोप देत नाही

नमस्कार. शेवटच्या रांगेत ऐकू येतंय ना? मला ४५ मिनिटं दिली होती, त्यातली १० सत्कारात गेली. नारळ चांगला आहे, तक्रार नाही. पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रोग्रामरांच्या जगातला आदर आणि नियमन’. या नावाला जे घाबरले ते खाली कँटीनमध्ये आहेत. जे आलात, त्यांना पॅच म्हणजे कोडमधली सुचवलेली दुरुस्ती आणि रिव्ह्यू म्हणजे तिची तपासणी, यापलीकडे काही सांगत बसत नाही.

मुद्द्याकडे जाण्याआधी एक जुनं दुखणं सांगतो. ज्यांनी ते आधी ऐकलंय त्यांनी मोबाइल बघायला हरकत नाही.

२००९ साल. एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात (कोड सगळ्यांना खुला, दुरुस्ती कुणीही सुचवावी) मला बग, म्हणजे चूक, सापडली. नाव सांगत नाही, कारण ते सॉफ्टवेअर मी आजही वापरतो. खाल्ल्या मिठाला जागायला नको? फाइल रिकामी असली की प्रोग्राम कोसळायचा. दुरुस्ती तीन ओळींची, पण त्या तीन ओळींवर मी तीन रात्री बसलो. रात्री दोनला पॅच पाठवला. बायको म्हणाली, “कुठे नोकरीचा अर्ज केलास का?” म्हटलं, “नाही गं, फुकटचं काम आहे.” त्यावर तिने जे बघितलं ते अजून आठवतं.

सकाळी उत्तर हजर. एकच ओळ: हा कचरा पाठवण्याआधी एकदा तरी चालवून बघितला होता का?

चाळीस वेळा बघितला होता हो! झालं होतं असं, की माझ्या ईमेल प्रोग्रामने गपचूप कोडमधल्या सगळ्या टॅबच्या (ओळ आत सरकवणाऱ्या खुणांच्या) साध्या स्पेस करून टाकल्या होत्या, म्हणून तो पॅच त्यांच्याकडे लागतच नव्हता. हे मला आठवड्याने कळलं, तेही माझं मलाच. आता गंमत बघा. त्या माणसाचं तांत्रिकदृष्ट्या काहीच चुकलं नव्हतं. पॅच लागत नव्हता, हे खरंच. पण ‘टॅब गेलेत, परत पाठवा’ हे चार शब्द. अपमानाला किती लागले, मोजा. म्हणजे वेळ नव्हता ही सबबही टिकत नाही. (पुणेरी पाटीचा विनोद मी करणार नाही. तुमच्या मनात येऊन गेला, तेवढा पुरे.)

मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पाठवलं नाही. पुढची सहा वर्षं कुठेच एक ओळ पाठवली नाही. चार महिन्यांनी तो बग दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केला, जवळजवळ त्याच तीन ओळींनी. मी दोन्ही शेजारी लावून तपासलंय. घरी आलात तर दाखवेन, बायको नको म्हणाली तरी.

आता कुणी म्हणेल, एवढं लागून कसं चालेल? कातडी जाड हवी. हा युक्तिवाद लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, गोटात वर्षानुवर्षं चालला. ते कर्नल सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांच्या ईमेल तुम्ही वाचल्या असतील. काही तर लोक आवडीने जपून ठेवतात, आपल्याकडे जुन्या नाटकांतली स्वगतं जपतात तशा. बचाव असा असायचा, की ते नवख्यांवर नाही, मुरलेल्यांवरच ओरडतात. अहो, पण वाचतात कोण? नवखेच. घरात मोठ्या भावाला बोलणी बसली की धाकटा पानात वाढलेलं मुकाट्याने खातो. तसं.

१६ सप्टेंबर २०१८ ला मात्र टोरवाल्ड्स यांनी कर्नल ४.१९ च्या चौथ्या चाचणी आवृत्तीच्या घोषणेतच जाहीर माफी मागितली. लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेतो म्हणाले आणि काही आठवडे बाजूला झाले. त्यांच्या जागी ४.१९ ग्रेग क्रोहा-हार्टमन यांनी ऑक्टोबरात प्रकाशित केलं. त्याच सुमारास २०१५ ची जुनी ‘संघर्षसंहिता’ जाऊन रीतसर आचारसंहिता आली. तेव्हा बरेच जण म्हणाले, आता कर्नल बुडालं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्ये आज कुठलं कर्नल चालतंय, ते बघा.

आदर म्हणजे ‘आपला पॅच अतिशय सुंदर आहे, परंतु’ असलं काही मला म्हणायचं नाही. वाईट कोडला वाईटच म्हणायचं. प्रश्न मॉडरेटरचा, म्हणजे चर्चेला शिस्त लावणाऱ्याचा, आहे. आपल्या डोक्यात मॉडरेटर म्हणजे शिट्टी आणि काठीवाला हवालदार. माझ्या डोक्यात दुसराच माणूस आहे. माउलींच्या पालखीबरोबर चालला असाल तर संध्याकाळची समाजआरती आठवा. तळावर पालखीभोवती दिंड्या उभ्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंच करतो, ‘होऽऽ’ म्हणतो, आणि एवढा मोठा जमाव क्षणात गप्प. पण एखाद्या दिंडीचे टाळ चालूच राहतात. का? त्यांची तक्रार असते. चोपदार त्यांच्यापाशी जातो, ऐकून घेतो, निवाडा करतो. मग हरवलं-सापडलं, उद्याची निघायची वेळ, आणि मग आरती. चोप हातात असतो, चोप देत नाही! बाकीच्यांना गप्प करायचं ते तक्रारवाल्याचं ऐकू यावं म्हणून. माझ्या पॅचच्या वेळी हा माणूस नव्हता.

चिठ्ठी आली. ‘१० मिनिटे.’ बरं. म्हणजे जे सांगायला आलो होतो ते आता पळत सांगतो.

पहिलं, एक्सझेड. फाइल दाबून लहान करणारं साधं साधन, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. सांभाळणारा एकटा माणूस, बिनपगारी, छंद म्हणून. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे तगादा लावला: काम रखडलंय, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. तेवढ्यात मदतीला तत्पर असा ‘जिया तान’ होताच. सूत्रं हळूहळू त्याच्याकडे गेली. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, निघाला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने तो खणून काढला, म्हणून वाचलो. ती तगादेवाली खाती बनावट होती, असा बहुतेकांचा कयास. माझा मुद्दा एवढाच, की त्यांचं बोलणं कुणाला खटकलं नाही. फुकट राबणाऱ्याला असंच बोलायचं असतं, ही आपली सवय त्यांनी पहारीसारखी वापरली. ‘थांबा, हे काय बोलणं झालं?’ म्हणणारा तिथे कुणी नव्हता.

दुसरं, रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा. तिथे आचारसंहिता पहिल्यापासून, मॉडरेटरांचा गट वेगळा. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये तो अख्खा गट राजीनामा देऊन बाहेर पडला. कारण? वरची मध्यवर्ती टीम कुणालाच बांधील नाही, तिला नियम लावता येत नाहीत. म्हणजे चोप वर गेल्यावर सगळे गप्प, फक्त रथापाशी उभे असलेले मोठ्याने गप्पा मारतायत. मग कारभाराची घडीच बदलावी लागली. २०२३ मध्ये नवीन नेतृत्व मंडळ आलं. तिसरं, चुकलेल्याला परत येण्याची वाट ठेवायची की नाही, त्यावर माझ्याकडे सहा स्लाइड आहेत, त्या राहू देत.

दुसरी चिठ्ठी. प्रश्नांना वेळ नाही म्हणतायत. ज्यांचे टाळ अजून वाजतायत त्यांनी खाली कँटीनमध्ये या, मी तिथेच आहे. आणि तो नारळ कुणीतरी घेऊन चला, मला ट्रेनमध्ये सांभाळत बसायचं नाही.