बूट आधी, स्की नंतर

(दृश्य : पायथ्याजवळची बूट घालायची खोली. लाकडी बाकं, ओणवी माणसं, बकलांचे आवाज.)

लिफ्ट सुरू व्हायला अजून अर्धा तास आहे, आणि इथे कुस्ती आधीच रंगली आहे. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचा बूट. कोणी बुटाची जीभ ओढतंय, कोणी टाच जमिनीवर आपटतंय, कोणी श्वास रोखून शेवटचं बकल लावतंय. हे कुणी शर्यतीतले खेळाडू नाहीत. वर्षातून आठवडाभर बर्फावर येणारे, उरलेलं वर्ष त्याच आठवड्याबद्दल बोलणारे हौशी लोक आहेत हे. स्की कोणती घ्यावी यावर ते तासन्‌तास वाद घालतील. बूट मात्र काउंटरवर जो मिळाला तो.

(दृश्य : निळ्या बुटाचा जवळून शॉट.)

या निळ्या बुटाकडे बघा. आत दोन मोजे आहेत, एकावर एक. त्यावर आतल्या उबदार पायजम्याची घडी, आणि त्या सगळ्यावर आवळलेली चार बकलं. थंडी वाजू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त. पण रक्तच नीट फिरलं नाही तर पाय गरम राहणार कसे? जाड मोज्यात घाम साचतो, घडी नडगीवर रुतते, आणि दुपारपर्यंत बोटं बधिर. जुने स्कीअर नव्यांना पहिला सल्ला हाच देतात : मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंत येणारा. बुटात त्याच्याखेरीज काही नको. ऐकणारे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन मोजे घालून येतात.

(दृश्य : शिकाऊंचा सौम्य उतार. पडणारे, उठणारे, ओरडून सांगणारे.)

उतारावर सल्ल्यांना तोटा नसतो. "गुडघे वाकव!" "पुढे झुक!" "खाली बघू नकोस!" सांगणारा मित्र, मेहुणा किंवा लिफ्टमध्ये पाच मिनिटांपूर्वी भेटलेला अनोळखी माणूस, कुणीही असतो. शिकणारा बिचारा गुडघे वाकवतो. त्याबरोबर त्याचं बूड मागे जातं, वजन टाचांवर येतं, स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, आणि स्की तिला हवं तिकडे निघून जाते.

(दृश्य : चित्र गोठतं. पायाचा भाग मोठा होतो.)

इथे थांबू. नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये फट दिसते आहे. हातमोज्यासकट बोट जाईल एवढी. गुडघा वाकलाय, पण घोटा वाकलेलाच नाही. स्कीवर हुकमत चालते ती याच जागेवरून. नडगी जिभेला टेकली की तिचा दाब बुटातून स्कीच्या पुढच्या भागात जातो आणि वळण सुरू होतं. फट असेल तर तो दाब हवेतच राहतो.

मग हा माणूस नडगी टेकवत का नाही? भीती हे एक कारण. उतारावर शरीर आपोआप डोंगराकडे, मागे कलतं. पण दुसरं कारण कुणी ओरडून सांगत नाही, कारण ते वरून दिसत नाही. बूट सैल आहे. आत टाच उचलली जातेय. पुढे झुकलं की पाय पुढे घसरतो, बोटं आपटतात, नखं दुखतात. म्हणून पाय मागेच बसून राहतो. सल्ल्याचा रोख गुडघ्यावर आणि दोष बुटात, असं या उतारावर दिवसभर चाललेलं असतं.

(दृश्य : कार्यशाळेची भिंत. टांगलेले जुने चामडी बूट, लाकडी स्की.)

स्कीच्या इतिहासात कौतुक नेहमी स्कीचं होतं. पण नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातल्या मोर्गेदालच्या सोन्द्रे नोरहाइमची गोष्ट खरं म्हणजे टाचेची गोष्ट आहे. 1825 साली जन्मलेला हा माणूस. तोवर साध्या बांधणीत पाय पुढच्या पट्ट्यात अडकवलेला असे आणि टाच मोकळी, इकडेतिकडे भरकटणारी. नोरहाइमने पीळ दिलेल्या लवचीक डहाळ्यांचा वेढा टाचेमागून घेतला. पाय स्कीला धरून राहू लागला आणि उडी मारता मारता वळणंही घेता येऊ लागली. 1868 मध्ये ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, झालेल्या स्पर्धेत त्याने ते लोकांसमोर करून दाखवलं आणि स्पर्धा जिंकली. तेव्हा त्याचं वय चाळिशीपलीकडचं होतं.

त्यानंतर स्की भराभर सुधारत गेली. लाकडाच्या कडेला पोलादी पट्टी आली. 1950 मध्ये अमेरिकेत हॉवर्ड हेडने धातूची स्की बाजारात आणली. बूट मात्र चामड्याचाच राहिला. हा भिंतीवरचा बघा. किती सुंदर शिवण आहे. सकाळी कडक, दुपारी ओला, संध्याकाळपर्यंत नाडी कितीही आवळली तरी घोटा हलतोच.

(दृश्य : पहिल्या पिढीतला प्लास्टिकचा बूट, हातात फिरवून.)

1960च्या दशकात बॉब लँग या अमेरिकन माणसाने प्लास्टिकचा बूट आणला. बाहेर कडक कवच, आत मऊ बूट. रचना आजही तीच आहे. लोकांनी सुरुवातीला नाकं मुरडली. पण प्लास्टिक भिजत नव्हतं, ढिलं पडत नव्हतं आणि पायाची बारीकशी हालचालही थेट स्कीच्या कडेपर्यंत पोचवत होतं. 1993 मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशी स्की आणली. ती कडेवर कलवली की स्वतःच्या आकाराने वळते. आज भाड्याने मिळते ती स्की जवळपास हीच. फक्त ती कलवायची कशाने? बुटाने.

(दृश्य : कार्यशाळा. मापाची पट्टी, अनवाणी पाऊल.)

आता ज्याच्यासाठी आम्ही इथे आलो ते काम : बूट पायाच्या मापाने बसवून घेणं. पाऊल पट्टीवर, वजन दोन्ही पायांवर. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. या बाईंचं पाऊल साडेसव्वीस. आजवर त्या भाड्याने अठ्ठावीसचा बूट घेत आल्या आहेत, कारण "मोठा बरा वाटतो".

बहुतेक कंपन्यांमध्ये 26 आणि 26.5 यांचं बाहेरचं कवच एकच असतं. अर्ध्या मापाचा फरक पावलाखाली घालायच्या सुट्या तळव्यात किंवा आतल्या बुटात. म्हणजे "अर्ध माप मोठं द्या" असं सांगून अनेकदा आपण तोच बूट मागत असतो.

(दृश्य : रिकाम्या कवचात पाऊल. टाचेमागे टॉर्चचा उजेड.)

कारागीर आतला बूट काढून ठेवतो. रिकाम्या कवचात पाऊल, बोटं पुढे हलकेच टेकलेली. आता टाचेमागे किती जागा उरते? दीड ते दोन सेंटिमीटर असेल तर हौशी स्कीअरला योग्य. त्याहून बरीच जास्त असेल तर बूट मोठा. शर्यतवाले याहून कितीतरी कमी जागा ठेवतात, पण ते त्यांचं दुखणं आहे. बाईंच्या नेहमीच्या मापाच्या कवचात टॉर्चचा उजेड पार तळापर्यंत जातो. कारागीर काही बोलत नाही, नुसता टॉर्च धरून ठेवतो.

मग योग्य मापाचा बूट, आतल्या बुटासकट. बाई उभ्या राहतात आणि लगेच तक्रार.

"अहो, बोटं पुढे टेकतायत. लहान होतोय."

"टेकू द्या. आता नडगी पुढे दाबा. अजून."

(दृश्य : गुडघा पुढे येतो. चेहरा.)

"…सुटली की."

ताठ उभं राहिलं की बोटं टेकणारच. घोटा वाकला की टाच मागच्या खळग्यात बसते आणि बोटांना जागा मिळते. दुकानात मात्र माणूस ताठ उभा राहून बूट बघतो, तो लहान ठरवतो, एक माप मोठा घेतो आणि पुढची पाच वर्षं तक्रार करत फिरतो. शिवाय आतला बूट वापराने दबत जातो. पहिल्या दिवशी मोकळा वाटलेला बूट तिसऱ्या आठवड्यात डगडगतो.

लांबीनंतर रुंदी. बुटावर 98, 100, 102 असे आकडे असतात. ती चवड्यापाशी असलेली रुंदी, मिलिमीटरमध्ये, एका ठरावीक मापाच्या बुटासाठी. त्याच्या शेजारी मिरवणारा आकडा असतो कडकपणाचा : 80, 100, 130. त्याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक प्रमाण नाही. एकाचा 100 दुसऱ्याच्या 110 इतका कडक असू शकतो. शिवाय प्लास्टिक थंडीत आणखी कडक होतं. उबदार दुकानात सहज वाकलेला बूट डोंगरावर लाकूड होऊन बसतो. तरी 130चा बूट घेऊन तो टेबलावर आकडा समोर येईल असा ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा घोटा उतारावर काही वाकत नाही.

(दृश्य : पावलाच्या आतल्या बाजूचं हाड. लिपस्टिकचा ठिपका.)

आता हे लक्षपूर्वक बघा. बाईंच्या पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वर, एक हाड जरा पुढे आलेलं आहे. बूट तिथे चावतो. कारागीर त्या जागी मोज्यावर लिपस्टिक लावतो, पाय रिकाम्या कवचात घालायला लावतो, दाबायला सांगतो, काढायला सांगतो. कवचाच्या आत लाल डाग उमटलाय. त्याला हवा होता तो नकाशा मिळाला.

(दृश्य : गरम हवेची बंदूक, दाबयंत्र. आवाज तसाच ठेवायचा.)

कवच त्या जागी गरम करतात, हळूहळू, हात सतत फिरता ठेवून. एका जागी हात थांबला तर प्लास्टिक जळतं. मऊ झालं की आतून धातूचा गोळा, बाहेरून कडं, आणि स्क्रू फिरवत दाब. फुगवटा हवा असतो फक्त काही मिलिमीटरचा. मग थंड पाणी, म्हणजे तो आकार पक्का होतो. बाहेरून बघितलं तर कळतही नाही. बोट फिरवलं तर लागतं.

आतला बूट भट्टीत गरम होतो आणि बाई त्यात उभ्या राहतात, बकलं लावून, न हलता. पावलाखाली कमानीला आधार देणारा तळवा जातो. नवे स्कीअर या तळव्यावर पैसे घालायला सगळ्यात जास्त कुरकुरतात. आमच्या मते सगळ्यात आधी घालायचे ते तिथेच. पाऊल आत लोळलं की गुडघाही आत जातो, आणि स्कीची कड बर्फाला पकडत नाही.

(दृश्य : बकलं लावताना हात.)

बूट घालायचीही रीत आहे. टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची. आधी घोट्यावरचं बकल, मग वरची, चवड्यावरची अगदी शेवटी आणि नुसती टेकलेली. चवड्यावरून पाय पळून जात नाही, त्याला धरायचं ते घोट्यावर. एक फेरी झाली की थांबून पुन्हा एक एक दात घट्ट करायचा. 2023 पासून काही बुटांवर खालच्या बकलांऐवजी तार ओढणारी गोल चकती आली आहे. दाब सारखा पडतो खरा, पण मोठ्या बुटाला ती लहान करत नाही.

(दृश्य : तोच उतार, दुसरी सकाळ. बाई वळण घेताना. बाजूने, मग मागून.)

नडगी बघा. मग बाहेरचा पाय. डावीकडे वळताना उजवा, उजवीकडे वळताना डावा.

(निवेदन नाही. बर्फावर कड ओढल्याचा आवाज. चार वळणं पूर्ण होऊ द्यावीत.)

(दृश्य : बाइंडिंग तपासण्याचं यंत्र. बुटाचा सोल.)

बूट बदलला की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी बांधणी, पुन्हा लावून घ्यावं लागतं. हे बरेच जण विसरतात. पडल्यावर स्की पायातून सुटावी ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत याल्मार व्हाम हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला स्कीपटू होता. 1937 मध्ये त्याचा स्वतःचा पाय मोडला, आणि दवाखान्यातच त्याला आपोआप सुटणाऱ्या बांधणीची कल्पना सुचली. आज बाइंडिंगचा आकडा, म्हणजे किती जोराला बूट सुटेल तो, ठरतो वजन, उंची, वय, स्की करण्याची धाटणी आणि बुटाच्या सोलची मिलिमीटरमधली लांबी यावरून. सोल लांब असेल तर तरफ लांब, म्हणून तेवढ्याच झटक्याला आकडा वेगळा. पन्नाशी गाठली की तक्त्यात एक पायरी कमी आकड्याकडे यावं लागतं. कागदावर खरं वय लिहावं आणि आपण फार जोरात स्की करतो अशी बढाई तिथे मारू नये. अशा बाइंडिंगमुळे नडगीची हाडं मोडणं खूप कमी झालं. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध मात्र ती वाचवू शकत नाहीत, आणि मागे बसून पडताना बऱ्याचदा तोच जातो.

(दृश्य : संध्याकाळ. बूट काढणारे लोक, वाळवणीच्या दांड्या.)

बूट काढताना दोन्ही हातांनी कवचाचे पाखे फाकवायचे, मगच पाय ओढायचा. आतला बूट रोज वाळवायचा, पण हीटरवर ठेवून नाही. रात्री बूट गाडीत ठेवले तर सकाळी प्लास्टिक इतकं आखडलेलं असतं की पाय आत जात नाही. ते खोलीतच आणायचे. हंगाम संपला की बकलं हलकी लावून ठेवायची, म्हणजे कवचाचा आकार राहतो. सोलच्या टाचेचा आणि पुढचा तुकडा झिजला असेल तर बदलून घ्यायचा, आणि तो बदलला की बाइंडिंग परत एकदा यंत्रावर चढवायचं.