वीज, पाणी आणि दोन पुरुष : खान्देशातली जादुई प्रेमकथा

नमस्कार मंडळी.

आज अशा एका कथाप्रकाराबद्दल बोलायचंय जो मराठीत फार कमी लिहिला जातो, आणि जो खान्देशात घडावा असं मला मनापासून वाटतं. अर्बन फँटसी. त्यातही प्रेमकथा, आणि तीही दोन पुरुषांची. दोघांच्याही अंगात काहीतरी अचाट शक्ती आहे.

या प्रकारात शहर आजचं असतं, खरं असतं. मोबाईल, रिक्षा, वीजबिल, भाड्याची खोली. त्याच शहरात जादूही नांदत असते. इंग्रजीत १९८० च्या दशकापासून हा प्रकार जोमानं वाढला आणि त्यात एक रीत पक्की झाली. जादू लपलेली असते. चार लोकांना माहीत, बाकी शहर झोपेत. मग नायक दोन पुरुष असले की लेखकाची आयतीच सोय होते. लपवलेली शक्ती आणि लपवलेलं प्रेम एकाच पेटीत ठेवायचं. शक्ती उघड झाली की प्रेमही उघड, आणि झाली गोष्ट.

माझं म्हणणं असं आहे की ही रीत खान्देशात चालायची नाही. कारण आपल्याकडे शक्ती कधी लपत नाही. आपल्याकडे तिची यात्रा भरते.

[पडद्यावर : बारागाड्यांचं दृश्य]

बारागाड्या तुम्ही पाहिल्या असतील. अक्षय तृतीयेच्या सुमारास, आपल्या आखाजीला, आणि गावोगावच्या यात्रांत बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. त्यात माणसं खच्चून बसतात आणि भगत त्या ओढतो. देव अंगात आल्यावर हे बळ येतं, असं लोक मानतात. गाव दोन्ही बाजूंना उभं असतं, बायका गच्चीवरून बघतात, पोलीस बंदोबस्त असतो. उद्या तोच भगत किराणा दुकानात साखर घेताना दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कोण धावतं, आठवतंय? बगले. भगताला दोन्ही बगलेत धरून, त्याचा तोल सांभाळत पळणारे पुरुष. भरगर्दीत, सगळ्या गावासमोर, एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला इतका घट्ट धरून धावतो आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

इथे माझी गोष्ट सुरू होते. इथे जादूला मान आहे, जागा आहे, नारळ आहे. जागा नाही ती प्रेमाला. म्हणून खान्देशी अर्बन फँटसीत शक्ती चव्हाट्यावर असू द्या आणि प्रेमासाठी कोपरा शोधावा लागू द्या. सगळं कथानक मग आपोआप उलट्या दिशेनं चालायला लागतं.

आता माणसं घेऊ. दोन माणसं मी माझ्या मनानं रचतोय.

पहिला गोकुळ. अमळनेरकडचा, जळगावात एका बोअरवेलच्या गाडीवर कामाला. तो पायाळू आहे. म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे काय काय मानतात ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्याला जमिनीखालचं दिसतं, पाणी असो की पुरलेलं धन. पाठीत उसण भरली की त्याचा पाय लावून घेतात. आणि एक भीतीची गोष्ट सांगतात, की वीज पायाळूवर पडते. म्हणून ढग गडगडले की पायाळू पोराला माय घरात ओढते. गोष्टीत हे सगळं खरं धरा. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात पाणी खोल गेलंय, बोअर शेकडो फूट जातात, कोरडा गेला तर शेतकऱ्याचे लाखभर रुपये मातीत. अशा वेळी ज्याला पाण्याचा पॉइंट अचूक सापडतो त्याच्या खोलीबाहेर पहाटेपासून मोटारसायकली उभ्या राहणार. तळहातावर नारळ ठेवायचीही त्याला गरज नाही, चप्पल काढली की कळतं.

दुसरा भूषण. यावलकडचा, भुसावळात वायरमन. वीज त्याचं ऐकते. डीपी जळाली, जंपर तुटला, अर्ध्या गल्लीची एक फेज गेली, की लोक ऑफिसला फोन न करता सरळ त्याला करतात, "भूषणभाऊ, लाईट गेली." आणि भुसावळात लाईट जाणं म्हणजे काय ते मे महिन्यात इथे राहिल्याशिवाय कळत नाही. पारा ४५ च्या वर, रात्री अकरा वाजता भिंत तापलेली, पाळण्यातलं बाळ रडतंय. शेजारी दीपनगरला औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतायत आणि घरात पंखा बंद. अशा गावात वायरमनची शक्ती किती मोलाची, ते सांगायला नको.

शक्ती दिली की तिची किंमत ठरवा. या बाबतीत मी फार कडक आहे, कारण फुकटची शक्ती गोष्ट पातळ करते. गोकुळला जमिनीखालचं दिसतं, पण आभाळ त्याला शोधत असतं. जूनच्या पहिल्या वादळात तो उघड्यावर उभा राहू शकत नाही. भूषण तारेतला करंट अंगावर घेऊ शकतो, पण घेतलेला करंट अंगात राहतो. काम करून आला की रात्रभर कुणाला शिवता येत नाही. पुतणी धावत आली तरी हात मागे घ्यायचा. माय ताट लांबून सरकवते.

आता ही दोन माणसं एकमेकांसमोर आणा. वायरमन लोक एक गोष्ट जिवापाड जपतात. ११ केव्हीच्या लाईनला हात लावण्याआधी परमिट घ्यायचं, लाईन बंद झाल्याची खात्री करायची आणि अर्थिंग करायचं, म्हणजे तारेत चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जाईल. भूषणच्या अंगातला करंट जमिनीत जायला वाट हवी. गोकुळ म्हणजे चालती ओली जमीन. त्यानं हात धरला की भूषणच्या अंगातली वीज खाली जाते. आणि पाऊस सुरू झाल्यावर गोकुळला शोधत आलेली वीज अंगावर झेलू शकणारा माणूस जगात एकच. एकाला स्पर्श हवा म्हणून दुसरा लागतो, दुसऱ्याला आभाळाखाली उभं राहायचं म्हणून पहिला लागतो. शक्ती आणि प्रेम यांची अशी गाठ बसली की लेखकाला वेगळं 'आकर्षण' घडवून आणावं लागत नाही. पहिल्यांदा हात धरला तो प्रसंग सावकाश लिहा. दोन पानं लिहा, चार लिहा. ज्या माणसाला वर्षानुवर्षं कुणी शिवलेलं नाही त्याच्या हातात हात आलाय, आणि तो हात चटका बसून मागे गेलेला नाही.

आता शहर. परदेशी गोष्टींत शहर म्हणजे अनोळखीपण. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारला ती सोय नाही. इथे चहा पिता पिता माणूस विचारतो, कोणत्या गावचे, कोणाचे, आणि तिसऱ्या प्रश्नाला तुमचा मावसभाऊ त्याच्या ओळखीचा निघतो. मग ही दोघं भेटणार कुठे? लेखक इथे घाबरून त्यांना पुण्या-मुंबईला पाठवतात. पाठवू नका. जळगाव-भुसावळ अंतर पंचवीसेक किलोमीटर, मधे भादलीचं छोटं स्टेशन. भुसावळ जंक्शनवर मुंबईकडून, नागपूरकडून, सुरतेकडून, इटारसीकडून रात्रभर गाड्या येत राहतात. रात्री दोन वाजता फलाटावर चहा पीत बसलेल्या दोन माणसांकडे कुणी बघत नाही, सगळेच कशाची तरी वाट बघत असतात. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, कळण्याची भाकरी, आणि पुरुषच पुरुष. उन्हाळ्यात गच्चीवर ओळीनं अंथरुणं पडतात. दोन मित्र शेजारी झोपले, एका गाडीवर फिरले, खांद्यावर हात टाकून बाजारात गेले, तर आपल्याकडे कुणी भुवई उंचावत नाही.

म्हणजे जवळीक चालते, ती मित्र म्हणून खपते तोवर. संकट येतं ते स्थळाच्या रूपानं. "भूषणभाऊंना सरकारी नोकरी आहे," असं म्हणत मावशी बायोडाटा घेऊन येते, रविवारी पोहे ठरतात आणि दिवाळीनंतरची तिथी निघते. आपल्या कथेतला राक्षस यायचाच असेल तर तो अशा रविवारी येतो. गोकुळच्या घरी वेगळं. त्याच्या शक्तीवर घर चालतं, त्याच्या शक्तीमुळे बहिणीचं लग्न झालं. त्याला घराबाहेर एक रात्र काढायची तर चार शेतकरी विचारायला येतात, गोकुळ कुठे गेला. सगळ्यांना हवा असलेल्या माणसाला एकांत मिळत नाही, हा त्याचा त्रास मला फार खरा वाटतो. दोघांच्या पहिल्या भांडणाचं कारणही तेच असू द्या.

थोडं मागे जाऊ, कारण या मातीत शक्तीबद्दलचा विचार जुना आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं मंदिर आहे. चांगदेव म्हणजे चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेला. एवढी सिद्धी असलेला माणूस शेवटी कुणाला गुरू करतो? वयानं लेकीसारख्या मुक्ताबाईला. ती मुक्ताबाई याच तापीकाठी, मेहूणला, १२९७ मध्ये वीज कडाडली आणि त्या लखलखाटात अंतर्धान पावली, असं वारकरी परंपरा सांगते. मुक्ताईनगर तालुक्यातला माणूस आभाळातल्या विजेकडे नुसत्या भीतीनं बघत नाही. गोकुळची आजी मुक्ताईच्या यात्रेला जाणारी असेल, तर नातवावर वीज पडण्याबद्दल ती काय म्हणेल? मी लिहायला बसलो तर हा संवाद आधी लिहीन. चांगदेवाच्या कथेतून आणखी एक गोष्ट घ्यावीशी वाटते. मोठी शक्ती असलेला माणूस शिकायला बसतो, वाकतो. प्रेमकथेत दोघांनाही असं वाकावं लागतं.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण इथे चूक झाली तर खऱ्या माणसांना इजा होते. सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. म्हणून तुमच्या गोष्टीत गावातली एखादी एकटी म्हातारी 'काळी शक्ती'वाली खलनायिका करू नका. कितीही रंगतदार वाटली तरी नको. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. गुप्तधन किंवा पाण्याचा स्रोत शोधण्यासाठी केलेली अमानुष कृत्यं त्यात स्पष्टपणे गुन्हा ठरवली आहेत. पायाळू माणसाच्या जिवावर उठणारी गुप्तधनवाली टोळी, हा मग तुमचा खरा खलनायक. तो कल्पनेतला नाही, म्हणून जास्त भीतिदायक आहे. आणि गोष्टीत एखादी पोलीस पाटील किंवा अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारी शिक्षिका आणा, जी गोकुळच्या शक्तीवर तसूभरही विश्वास ठेवत नाही, पण त्याला वाचवायला सगळ्यात आधी धावते. मला ती बाई गोष्टीत हवीच.

संवाद बोलीत लिहा. गोकुळ अहिराणी बोलणार, भूषण लेवा गणबोली. एक विचारतो, "जेवला का रे?" दुसरा म्हणतो, "नही, तू ये, मंग जेवूत." पुढे ढग भरून येतात आणि गोकुळची माय ओरडते, "पानी ई ऱ्हायनं, घरमा बठ!" प्रेमाची कबुली पुस्तकी मराठीत दिली की माणसं टीव्हीतली वाटायला लागतात.

राहिला शेवट. प्रेमकथेचा वाचक एका भरवशावर पुस्तक उघडतो, की शेवटी ही दोघं एकत्र असतील. दोन पुरुषांच्या गोष्टींत हा भरवसा फार वेळा मोडला गेलाय. एकजण मरतो, दुसरा रडतो, आणि लेखकाला वाटतं आपण गंभीर लिहिलं. विजेची गोष्ट असल्यामुळे तुम्हालाही मोह होईल, की वादळात भूषणनं गोकुळवरची वीज झेलावी आणि जावं. नका करू. वादळ येऊ द्या, केळीच्या बागा आडव्या होऊ द्या, दोघं तापीच्या पुलावर सापडू द्या, वीज पडू द्या. भूषणनं ती घ्यावी, गोकुळनं त्याचा हात सोडू नये, आणि ती नदीत जावी. दोघं जगले पाहिजेत.

त्यानंतरचं आयुष्यही खरं ठेवा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचं परस्पर संमतीचं नातं बाहेर काढलं, म्हणजे ही दोघं गुन्हेगार नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, म्हणजे त्यांना लग्नाची नोंदणी करता येत नाही. या दोन तारखांच्या मधे त्यांचं घर बसवायचंय. भुसावळात भाड्याच्या दोन खोल्या, वर गच्ची. बाहेर लोकांची रांग आहेच, पाण्यासाठी आणि लाईटसाठी. फक्त दारावर एक पाटी हवी, भेटण्याची वेळ सकाळी आठ ते बारा, आणि बारानंतर दार वाजलं तर आतून कुणीही उठायचं नाही.