धूसर दिसतंय, म्हणजे फोकसच गेला का?

(सोलापुरात नव्यानेच दुर्बीण घेतलेल्या हौशी मंडळींसमोरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दुर्बीण घरी आली की पहिल्या रात्रीची तक्रार ठरलेली असते, "सगळं धूसर दिसतंय." मग माणूस फोकसचा नॉब धरतो आणि पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत बसतो. मान आखडते, डास चावतात, घरचे एकेक करून खाली झोपायला जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की धूसर दिसायला चार-पाच कारणं असतात आणि त्यातलं एकच त्या नॉबच्या हातात असतं. बाकीच्या कारणांवर नॉब कितीही फिरवा, उपयोग शून्य.

इथे बऱ्याच जणांकडे ११४ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची आणि ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) न्यूटोनियन, म्हणजे भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी दुर्बीण, आहे असं धरून बोलतो. तुमची ७० मिलिमीटर भिंगाची असली तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

फोकस रात्री शिकायचा नाही, दिवसा शिकायचा. गच्चीवर जा, सूर्य पाठीमागे ठेवा आणि किमान किलोमीटरभर लांबची एखादी ठळक वस्तू पकडा. शेजारच्या घराची पाण्याची टाकी नको. जवळच्या वस्तूचा फोकस ताऱ्याच्या फोकसपेक्षा वेगळ्या जागी लागतो, आणि हा फरक वाटतो त्याहून बराच मोठा असतो. ९०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ३० मीटरवरची टाकी स्पष्ट दिसायला आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, सुमारे २८ मिलिमीटर जास्त बाहेर यावा लागतो. वस्तू १०० मीटरवर असेल तर सुमारे ८ मिलिमीटर. किलोमीटरवर गेलात की फरक एक मिलिमीटरच्याही आत येतो. म्हणजे दूरच्या वस्तूवर लागलेला फोकस रात्रीसाठी जवळजवळ तयारच असतो. फोकसरच्या, म्हणजे नॉबने आत-बाहेर सरकणाऱ्या, नळीवर तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा. अंधारात शोधाशोध तिथूनच सुरू करायची.

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी यासाठी झकास निशाण होती, पण ती विमानसेवेच्या आड येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली. असो. दक्षिणेला मोकळी गच्ची असेल तर एनटीपीसीच्या वीजकेंद्राची चिमणी आहे, नाहीतर लांबचा मोबाइल टॉवर चालेल. त्याच बैठकीत फाइंडर, म्हणजे मुख्य नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, तीही जुळवून घ्या. टॉवरचं टोक आयपीसच्या मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक तिथल्या फुलीवर आणा. चित्र उलटं दिसेल. न्यूटोनियनमध्ये ते तसंच दिसतं, दुर्बीण परत करायला दुकानात नेऊ नका.

सूर्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. दुर्बिणीतून नाही, फाइंडरमधूनही नाही, क्षणभरही नाही. डोळा कायमचा जातो. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला बसवायचा काळा "सन फिल्टर" येतो, तो तापून तडकू शकतो. तो सरळ फेकून द्या. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या तोंडाशी, पुढून बसणारा प्रमाणित फिल्टर लागतो. आणि दिवसा दुर्बीण मांडून चहाला खाली जायचं नाही, विशेषतः घरात पोरं असतील तर.

आता रात्र. आधी झाकण पूर्ण काढलंय ना ते बघा. न्यूटोनियनच्या झाकणात एक छोटं भोक असतं, त्याचं बूच काढून मोठं झाकण तसंच ठेवणारे पुष्कळ आहेत. फोकसरच्या खाली घट्ट करायचा एक स्क्रू असतो, तो सैल हवा. मग खोक्यातला सगळ्यात मोठ्या आकड्याचा आयपीस लावा, २५ मिलिमीटरचा. तो सगळ्यात कमी मोठं दाखवतो, आणि म्हणूनच तो आधी.

फोकस करायचा तो ताऱ्यावर, ग्रहावर नाही. ग्रह मुळातच तबकडीसारखा, त्यामुळे त्याची कड नेमकी कुठे स्पष्ट झाली ते नवख्या डोळ्याला कळत नाही. तारा मात्र कितीही मोठं करून पाहिलं तरी बिंदूच. फोकस सुटलेला असताना न्यूटोनियनमध्ये तो मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये काळं भोक असलेलं प्रकाशाचं कडं. ते भोक म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली. अनेकांना वाटतं की ग्रहच सापडला! नॉब सावकाश फिरवा, कडं लहान होत जाईल, बिंदू होईल आणि पुन्हा मोठं होऊ लागेल. मुद्दाम थोडं पुढे जा आणि परत या. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय मधला बिंदू सापडत नाही. प्रत्येक वेळी हात काढून दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण हात लावला की स्टँड थरथरतो. गच्चीवर कुणी चाललं तरी थरथरतो.

एवढं करूनही खात्री वाटत नसेल तर पुठ्ठ्याचं झाकण कापा आणि त्यात समोरासमोर दोन भोकं पाडून नळीच्या तोंडाला लावा. फोकस चुकलेला असेल तर एकाच ताऱ्याचे दोन दिसतील. दोन्ही एकात एक मिसळले की फोकस लागला. मग पुठ्ठा काढून टाका. खर्च काही नाही, आणि डोळ्याच्या अंदाजापेक्षा हे भरवशाचं.

यानंतरही धूसर दिसलं तर दोष शोधायचा तो दुसरीकडे.

पहिला संशयित म्हणजे खोक्यावरचा आकडा. नाभीय अंतर ९०० भागिले ४ मिलिमीटरचा आयपीस म्हणजे २२५ पट. त्यात बरोबर आलेला तीनपट बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी बसवायचं चित्र मोठं करणारं भिंग, घातला की ६७५ पट, आणि तोच आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो. आरशाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंत मोठं करणं कामाचं, म्हणजे ११४ च्या दुर्बिणीला फार तर सव्वादोनशे, तेही हवा उत्तम असेल तर. त्यापुढे चित्र फक्त मोठं आणि अंधुक होतं, नवीन काही दिसत नाही. शिवाय पृथ्वी फिरतेच आहे. आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून पार जायला साधारण पाच मिनिटं घेतो, ४ मिलिमीटरच्या आयपीसमधून मिनिटभरात निघून जातो. तेवढ्यात फोकस काय करणार? गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीने. तुमचा २५ चा आयपीस ३६ पट देतो.

दुसरा संशयित म्हणजे हवा, आणि सोलापूरकरांना हा सगळ्यात जास्त छळतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर गेलेला, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो आणि आपण नेमकी त्याच्यावर दुर्बीण मांडतो. चित्र उकळल्यासारखं हलतं. ओळखायचं कसं? नॉबला हात न लावता मिनिटभर नुसतं बघा. मध्येच एखादा क्षण चित्र लख्ख होऊन पुन्हा बिघडत असेल तर फोकस बरोबर आहे, हवा वाईट आहे. अशा वेळी नॉब फिरवणं म्हणजे लागलेला फोकस घालवणं. गच्चीवर पाणी मारा, असं कुणी सुचवेल. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा मातीवर जा. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जाताच, तेव्हा दुर्बीण गाडीत टाका. नान्नजच्या बाजूला अंधारही चांगला मिळतो. नळी तासभर आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका गार होईल. शेतात थंडीत आयपीसवर दव धरतं, श्वासानेही धरतं. ओढणीने किंवा रुमालाने पुसू नका, खिशात धरून ऊब द्या.

तिसरा संशयित आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन. तारा मधोमध आणून मुद्दाम थोडा फोकस घालवा. भोक कड्याच्या बरोबर मध्ये असेल तर ठीक. एका बाजूला सरकलेलं असेल तर आरसे हलले आहेत. हे काम जाणत्याकडून एकदा बघून घ्या. नुसतं ऐकून स्क्रू फिरवाल तर महिनाभर दुर्बीण बंद.

चौथं कारण कुणी धरतच नाही, ते म्हणजे तुमच्याआधी बघणारा माणूस. लांबचं किंवा जवळचं न दिसण्याचा नंबर फोकसने भरून निघतो, म्हणून चष्मा काढून बघता येतं. पण मग तो फोकस त्या माणसापुरता. आत्याबाईंनी लावलेला फोकस तुम्हाला धूसर दिसणारच. प्रत्येकाने आपला लावून घ्यायचा, आणि पोरांनाही नॉब फिरवू द्यायचा. चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असेल तर मात्र नॉब काही करू शकत नाही, चष्मा घालूनच बघा.

ज्यांच्याकडे विषुववृत्तीय स्टँड, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याप्रमाणे ताऱ्यामागे वळवता येणारा स्टँड, आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सोलापूरचा अक्षांश साधारण पावणेअठरा अंश, तेव्हा स्टँडवरची पट्टी तिथे लावायची. ध्रुव आपल्याकडे तेवढाच वर, हात लांब करून धरलेल्या जेमतेम दोन मुठी. अर्ध्या शहराला तो समोरच्या इमारतीमुळे दिसतच नाही. उत्तर दिशा होकायंत्राने धरा, डोळ्याने बघायला तेवढं पुरतं. इतक्या कमी कोनात तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा स्टँडच्या पायाला अडू शकतो, तेव्हा जोर लावू नका.

सुरुवात शुद्ध अष्टमीच्या चंद्राने करा. पौर्णिमेला चंद्रावर सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा इतक्या धारदार असतात की फोकस लागला की नाही ते विचारावं लागत नाही. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला जवळजवळ आडवी दिसत होती, आता हळूहळू उघडत चालली आहेत. बारीक दिसली तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

कॅमेऱ्याबद्दल मघाशी कुणीतरी विचारलं. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर आधी डोळ्याने फोकस लावा, मग मोबाइल आयपीसला टेकवा आणि शेवटची बारीक दुरुस्ती स्क्रीनवर बघून करा. डीएसएलआर कॅमेरा थेट लावणार असाल तर बऱ्याच स्वस्त न्यूटोनियनमध्ये फोकसच लागत नाही, कारण फोकसर हवा तितका आत जात नाही. अशा वेळी बार्लो मध्ये घालून बघा, बहुतेकदा लागतो. पण दुपटीचा. तो तीनपट तेवढा घरीच राहू द्या.