पवनीत पाहायला आहेच काय?

अध्यक्ष महोदय आणि भिवापूरकर मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘पवनीला एवढे मोठे स्तूप का?’ असा छापलाय. त्यावर येतोच. पण आधी थोडी तक्रार. ती केल्याशिवाय माझं तोंड मोकळं होत नाही.

बाहेरचा माणूस भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनीला येतो कसा? नॅरोगेज होती तेव्हा ‘पवनी रोड’ला उतरायचा आणि विचारायचा, पवनी कुठंय? तर हा रोड धरून जा. (हशा) आता तो गाडीनं येतो, गोसेखुर्दच्या धरणापुढं फोटो काढतो, तुमच्या भिवापुरातून मिरची घेतो आणि परत. कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात वाघ दिसला असेल तर मग पवनीचं नावच नको. वाघाशी माझं भांडण नाही. तो निदान इथंच राहतो. आमची शिल्पं पाहायला नागपूरला अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात जावं लागतं.

माझे साडू पुण्याचे, इंजिनिअर. सांची पाहून आलेले, आणि ते आम्हाला दर लग्नात सांगणारे. म्हटलं, चला, तुम्हाला स्तूप दाखवतो. ऑटोवाल्याला जगन्नाथ टेकडी सांगितली, तर तो म्हणतो, “तिथं का पाहाता जी? मातीच तं आहे. चाला, धरनावर नेतो.” साडू लगेच त्याच्या बाजूचे! मी हट्टानं त्यांना जवाहर गेटपाशी उतरवलं आणि तटावर चढवलं. पवनीला तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. साडूंनी उतार पाहिला, खंदक पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, “हा बंधारा कोणत्या खात्याचा?” (हशा) हसू नका. त्या दिवशी पवनीचं कौतुक करणारा पहिला माणूस तोच. मातीचं काम एवढं टिकलंय म्हणजे टेंडर नीट निघालं असणार, असं त्यांचं मत पडलं.

तर ती ऑटोवाल्याची ‘मातीच’, म्हणजे जगन्नाथ टेकडी. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथं खणलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी ही त्यातली नावं. देवळाखालच्या टेकडीत विटांचा स्तूप निघाला, मौर्य-शुंग काळातला, घेर सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. चांडकापूरकडं आणखी एक. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं. एका शिल्पात रिकामं आसन आणि त्यावर बुद्धावर फणा धरणारा पाच फण्यांचा मुचलिंद नाग. बुद्ध माणसाच्या रूपात कोरायचा नाही, अशी तेव्हाची रीत. म्हणून आसन रिकामं. साडूंना मी हे एवढं रंगवून सांगितलं की…

बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आताच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. स्तूप कोण्या एका राजाच्या लहरीवर उभा राहिला नाही. दानलेखांत साधी माणसं आहेत, बायाही आहेत. देणाऱ्यांच्या गाठीला पैसा होता, आणि तो नुसत्या धानातून येत नाही. त्याला व्यापार लागतो. वैनगंगा पुढं वर्धेला मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते. म्हणजे इथून दक्षिणेचे स्तूप आणि नर्मदेपलीकडची सांची, दोन्हीकडं वाट आहे. महाक्षत्रप, म्हणजे शकांचा मोठा सत्ताधारी, रूपिअम्माचा स्तंभ पवनीतच मिळाला. क्षत्रप काय हवापालटाला आला होता? (हशा) तट, स्तूप आणि नदीवरचा घाट ही तीन ठिकाणं नाहीत, एकाच पेठेचे तीन कोपरे आहेत. म्हणून ती एका दिवसात, पायी आणि याच क्रमानं पाहा: गेट, तट, जगन्नाथ टेकडी, चांडकापूर, शेवटी वैजेश्वराचा घाट. रुयाडचा नवा महास्तूप गाडीनं करा. दानलेखांबद्दल चहाच्या वेळी विचारा, इथं जमणार नाही.

आणि उन्हाळ्यात जाल तर दहाच्या आत तट उतरा. वर सावली नाही.